दोन घरचा पाहुणा

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर गॅरेजवाल्यांचा विषय, त्यात आमचं काय? पण गावोगावच्या बायांच्या हातात आता गाड्या येऊ लागल्या आहेत. कोणी भाजी बाजाराला नेते, कोणी शाळेची मुलं पोचवते, कोणी तालुक्याला प्रवासी सोडते. यातल्या पुष्कळ गाड्या चालवणारीच्या मालकीच्या नसतात. त्या भाडेकराराने, म्हणजे लीजवर घेतलेल्या असतात. अशा गाडीचं सर्व्हिसिंग का पुढं ढकललं जातं आणि ढकललं की काय होतं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

केंद्र सरकारची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आपल्यातल्या काही जणींच्या कानावर असेल. ती २०१७ साली सुरू झाली. तिच्यात दोन वाटा आहेत. एका वाटेनं संघ सभासद बाईला बिनव्याजी कर्ज देतो आणि ती गाडी घेते. दुसऱ्या वाटेनं गाडी संघाच्याच मालकीची राहते, सभासद ती चालवते आणि संघाला भाडं भरते. याशिवाय काही जणी एखाद्या कंपनीकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून गाडी भाड्यानं घेतात. आमचं आजचं बोलणं या सगळ्या भाड्याच्या गाड्यांबद्दल आहे.

आपल्याकडे म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. या घरच्यांना वाटतं तो तिकडं जेवला असेल, त्या घरच्यांना वाटतं इकडं जेवला असेल. भाड्याच्या गाडीचं तसंच होतं. चालवणारी म्हणते, गाडी संघाची, करार संपला की परत द्यायची, तिच्यावर माझा पैसा का घालू? संघातल्या बाया म्हणतात, गाडी तिच्या हातात, कमाई तिची, बघेल ती. दोन्हीकडचं म्हणणं आपापल्या जागी खोटं नाही. पण मधल्यामध्ये ऑईल बदलायचं राहून जातं.

आणि हे निष्काळजीपणानं होतं असं समजू नका. हिशेबच तसा पडतो. सर्व्हिसिंगचं ठिकाण तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला. सकाळी टाकलेली गाडी संध्याकाळी मिळते, म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. वर बिल. आणि भाडं तर त्या दिवसाचंही लागूच. त्यात लग्नसराई असली की एकेक फेरी मोलाची. गाडी चालते आहे, धूर नाही, आवाज नाही, मग एवढा महिना जाऊ दे. असे महिने जात राहतात.

सर्व्हिसिंग कधी करायचं हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना, सुरुवातीच्या सर्व्हिसिंगनंतर, दर १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. आपल्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून पुस्तिका उघडून पाहायचीच. पण 'जे आधी होईल ते' हे चार शब्द पक्के लक्षात ठेवा. घरची गाडी वर्षभरात थोडीच फिरते, तिला वर्षाची मुदत पुरते. धंद्याच्या गाडीचं गणित वेगळं. समजा, गाडी रोज ८० किलोमीटर फिरते आणि महिन्यातून २५ दिवस चालते. महिन्याचे झाले २,००० किलोमीटर. म्हणजे पाच महिन्यांतच १०,००० पुरे झाले. वर्षाचे होतात २४,०००. दर दिवाळीला एकदा सर्व्हिसिंग करू म्हणाल, तर एकाच ऑईलवर गाडी जवळजवळ अडीच पट पळालेली असते. शिवाय धुळीचा रस्ता, भरपूर ओझं, सारखं थांबणं आणि निघणं, अशा कष्टाच्या वापराला बऱ्याच पुस्तिकांत याहून कमी मुदत सांगितलेली असते. आपले रस्ते कोणत्या प्रकारात बसतात हे तुम्हाला माहीतच आहे.

ऑईलचं एवढं काय? तळणाचं तेल पुन्हा पुन्हा वापरलं की काळं आणि दाट होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इंजिनाचं ऑईल धातूचे भाग एकमेकांवर घासू देत नाही, त्यांची उष्णता वाहून नेतं, काजळी आणि झीज आपल्यात धरून ठेवतं. किती धरणार? मुदत उलटली की त्याचा गाळ होऊ लागतो, इंजिनातल्या बारीक वाटा बुजतात, काही भागांना ऑईल पोचत नाही. बाहेरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी भरल्या गाडीत, चढावर, इंजिन जाम होतं. सर्व्हिसिंगच्या दहा बिलांत झालं नसतं एवढं नुकसान एका दिवसात होतं.

हवेचा फिल्टर धुळीनं भरला की गाडी चढाला ओढत नाही. ब्रेकचं ऑईल हवेतलं पाणी हळूहळू शोषतं. घाट उतरताना ब्रेक तापले की असं ऑईल उकळू शकतं, मग पायाखालचा ब्रेक मऊ पडतो, दाबूनही गाडी धरत नाही. म्हणूनच ते ठरावीक मुदतीनं बदलायचं असतं. गाडी सीएनजीवर असेल तर तिच्या टाकीची दर ३ वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते, त्याची तारीख टाकीच्या पट्टीवर असते. टायरवरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर तो टायर कायद्यानंही चालत नाही. अशा गाडीत शाळेची मुलं बसलेली असतात, कधी रात्री बाळंतपणाला निघालेली बाईही असते.

आता कागदांकडं वळू. नव्या गाडीची वॉरंटी असते, पण वेळेवर सर्व्हिसिंग केल्याची नोंद नसेल तर कंपनी दावा नाकारू शकते. विमा तरी देईल? साधा विमा अपघाताचा असतो. झीज आणि यंत्रातला बिघाड त्यात धरलेला नसतो. गाडी चांगल्या स्थितीत ठेवण्याची वाजवी काळजी घ्यावी, ही विम्याच्या करारातलीच अट असते. आणि गाडी परत देताना मालक सर्व्हिसिंगची बिलं मागतो. नसतील तर अनामत रकमेतून पैसे कापले जाऊ शकतात.

कायद्यातली एक गोष्ट तर प्रत्येकीनं ऐकून ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात मालक कोण हे सांगताना म्हटलं आहे की गाडी लीजच्या करारावर असेल, तर त्या कराराने गाडी जिच्या ताब्यात आहे ती मालक. म्हणजे 'गाडी माझी नाही' हे आपण घरात म्हणू, कायद्यापुढं ते चालेलच असं नाही. त्याच कायद्याचं कलम १९० सांगतं, की धोका होईल असा दोष असलेली गाडी रस्त्यावर चालवणं किंवा चालवू देणं हा गुन्हा आहे. दोष माहीत असला काय किंवा साध्या काळजीनं कळला असता काय, दोन्ही सारखंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड १,५०० रुपयांपर्यंत आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झालं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चालवू देणं हा शब्द नीट ऐका. कित्येक घरांत करारावर सही बाईची असते आणि स्टिअरिंगवर नवरा, दीर नाहीतर मुलगा असतो. गॅरेजला कधी जायचं ते तोच ठरवतो, 'मी बघतो ना' म्हणतो. पण अंगठा किंवा सही आपली आहे. तेव्हा किलोमीटरचा काटा आपण वाचायचा आणि तारीख आपण लक्षात ठेवायची.

मग करायचं काय? शेत वाट्यानं देताना बी कोणाचं, खत कोणाचं, नांगरट कोणाची, हे आपण पेरणीच्या आधी बोलून घेतो. कापणीच्या वेळी भांडत बसत नाही. गाडीचंही तसंच आधी बोलायचं आणि करारात लिहायचं. चार गोष्टी लिहा.

पहिली, गाडी सर्व्हिसिंगला कोण नेणार आणि किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी नेणार.

दुसरी, पैसे कोणाचे. नेहमीचं ऑईल आणि फिल्टर चालवणारीचं, टायर आणि बॅटरी अर्धं-अर्धं, मोठं काम संघाचं, असं काही ठरवता येईल. दुसरं काही ठरवा, पण लिहा.

तिसरी, सर्व्हिसिंगच्या दिवसाचं भाडं माफ. आमच्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची. भाडं चालू ठेवून वेळेवर सर्व्हिसिंग कर म्हणणं म्हणजे शहाणपणाबद्दल दंड करणं आहे. वर्षातून दोन-तीन दिवसांचं भाडं सोडलं तर संघाचं काही बुडत नाही, इंजिन मात्र वाचतं.

चौथी, बिलं कुठं ठेवायची आणि महिन्याच्या बैठकीत कोणी पाहायची.

एक बाब आणखी आहे. बऱ्याच ठिकाणी गाडी वर्षभर एकीकडं आणि पुढच्या वर्षी दुसरीकडं जाते. पहिलीनं सर्व्हिसिंग टाळलं तरी तिच्या वर्षात गाडी चालून जाते. बिघाड निघतो तो दुसरीच्या वर्षात. मग दुसरी म्हणते हे माझं नाही, पहिली म्हणते माझ्याकडं होती तेव्हा गाडी ठणठणीत होती, आणि गटात दोन तट पडतात. दोघी शेजारणी असतात, कधी जावाजावा असतात. हे टाळायला गाडी देता-घेताना दोघींच्या समोर वहीत लिहा: किलोमीटर किती, शेवटचं ऑईल कधी बदललं, टायर कसे आहेत, काय काम बाकी आहे. दोघींच्या सह्या घ्या.

पैसे एकदम काढायचे म्हटले की जड जातात. म्हणून रोज बाजूला टाकायचे. समजा, एका सर्व्हिसिंगला ५,००० रुपये लागतात आणि ते १०,००० किलोमीटरला करायचं. किलोमीटरला ५० पैसे झाले. चार टायर १६,००० रुपयांचे आणि ते ४०,००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरला ४० पैसे. दोन्ही मिळून ९० पैसे, धरा एक रुपया. ८० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे दिवसाला ८० रुपये. आपल्या गाडीचे खरे आकडे घालून हाच हिशेब करा. डिझेल-पेट्रोलचे पैसे जसे आधी बाजूला निघतात, तसे हेही काढा आणि वेगळ्या डब्यात नाहीतर खात्यात टाका. ती कमाई समजूच नका.

काही गोष्टी आपल्या आपल्याला पाहता येतात. सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागी, ऑईलची पट्टी काढून पुसा, परत घाला आणि पाहा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणेवरून बाहेरूनच दिसते. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका, वाफेनं हात-तोंड भाजतं. आठवड्यातून एकदा टायरमधली हवा तपासा. आणि समोर ऑईलच्या किटलीसारखा लाल दिवा चालताना लागला, तर गाडी तिथंच कडेला घेऊन बंद करा. घर दोन किलोमीटरवर असलं तरी तशीच नेऊ नका, तेवढ्यात इंजिन जातं.

येत्या बैठकीत गटाच्या गाडीची वही आणि पुस्तिका दोन्ही मागवून घ्या. काट्यावर आज किती किलोमीटर झाले, शेवटचं सर्व्हिसिंग किती किलोमीटरला झालं, आणि पुढचं कोण करणार, एवढे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं आली, तर पाहुणा उपाशी आहे असं समजा आणि त्याच बैठकीत ठरवून टाका.

तुमच्या गटानं यावर काही चांगली रीत बसवली असेल तर ती आम्हाला जरूर कळवा, पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना सांगू.