कर्ज एकाच्या नावे, संसार दोघांचा

इंग्लंडमध्ये अविवाहित जोडप्यातील एकानेच घर तारण ठेवून कर्ज मागितले, की धनको संस्था सोबत राहणाऱ्या दुसऱ्याकडून संमतिपत्र लिहून घेते. घरात त्याचा काही हिस्सा असला, तरी वसुलीचा पहिला हक्क संस्थेचा. १९८० साली बोलंड खटल्यात, पैसा घालून घरात राहणाऱ्या पत्नीचा हक्क बँकेवर बंधनकारक ठरला. तेव्हापासून धनको सावध झाले.

स्त्रीची काळजी कोणी वाहायची? १९८४ च्या बर्न्स खटल्यात घर व कर्ज दोन्ही पुरुषाच्या नावे. स्त्रीने लग्नाविना १९ वर्षे संसार केला, दोन मुले वाढवली, पुढे स्वतःच्या कमाईतून टेलिफोनची बिले भरली, कपडे धुण्याचे यंत्र आणले, भिंतीही रंगवल्या. हिस्सा शून्य! कर्जाचा हप्ता तिने भरला नव्हता ना! स्वयंपाक नि मुलांचा सांभाळ त्या गृहस्थाला विकत घ्यावा लागता, तर पगारातून हप्त्याला किती उरले असते? न्यायमूर्तींनी उपाय संसदेवर सोपवला.

२००७ नंतर न्यायालये दोघांचा एकंदर व्यवहार पाहू लागली. पण केवळ सहजीवनाने हिस्सा आजही मिळत नाही. तो निर्विवाद हवा, तर दोघांनी विश्वस्तलेख करून ठेवावा. हा लेख ऐच्छिक आहे. संमतिपत्रावर सही झाल्याविना मात्र कर्ज बहुधा हाती पडत नाही.