कंबरेचा हिशोब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठी भाषेनं माणसाची सगळी उमेद कंबरेत ठेवली आहे. काम अंगावर घेताना आपण कंबर कसतो. संकट आलं की कंबर खचते. महागाई वाढली की कंबरडं मोडतं. हे वाक्प्रचार ज्यांनी घडवले ती माणसं राबणारी होती. आधी कुठे कळ निघते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज मला बोलायचं आहे ते मात्र खऱ्याखुऱ्या कंबरेविषयी, आणि तेही म्हाताऱ्यांच्या नव्हे, चौदा-पंधरा वर्षांच्या खेळाडू मुलांच्या.

माझं गाव विंचूर. निफाड तालुक्यातलं, नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार आमच्याकडे आहे, त्यामुळे गावाचं सगळं चक्र कांद्याभोवती फिरतं. उन्हाळ कांदा निघतो त्याच सुमारास शाळांना सुट्टी लागते आणि रिकाम्या वावरांत क्रिकेटचे सामने सुरू होतात. प्रत्येक संघात एक-दोन पोरं अशी असतात, की ज्यांना फक्त वेगानं चेंडू टाकायचा असतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा जहीर खान २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतो, मग आपण का नाही, असं त्यांना वाटतं. वाटायलाच हवं. फक्त या स्वप्नाचा भार शरीरात नेमका कुठे पडतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, त्या क्षणी त्याच्या वजनाच्या पाच-सहा पट जोर उलटून अंगात येतो. त्याच क्षणी त्याचं अंग मागे वाकलेलं, एका बाजूला कललेलं आणि पिळलेलं असतं. अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंचंही असंच. तिथला पिचर साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकतो आणि फलंदाज अंगाला पीळ देऊन दांडू फिरवतो. दोघंही वर्षानुवर्षं एकाच दिशेनं वळत राहतात. न्यूयॉर्क यांकीजच्या डॉन मॅटिंग्लीसारख्या नामवंत फलंदाजाची कारकीर्द पाठीच्या दुखण्यानं आखूड केली. आपल्याकडचं उदाहरण तर साऱ्यांना पाठ आहे. जानेवारी १९९९, चेन्नई, समोर पाकिस्तान. सचिन तेंडुलकर पाठीच्या कळा सोसत १३६ धावा करून बाद झाला तेव्हा विजयाला १७ धावा हव्या होत्या. आपण १२ धावांनी हरलो.

मग ही कंबर दुखते का? तिची रचना पाहिली की थोडा उलगडा होतो. कंबरेत पाच मणके. पुढे-मागे वाकण्यात ते तरबेज, पण पीळ घेण्यात अगदी कंजूष. पाचही मिळून एका बाजूला जेमतेम दहा अंशांच्या आसपास वळतात. त्यांच्या वर छातीमागचे बारा मणके आहेत, ते याहून बरेच जास्त वळतात. खाली खुब्याचे सांधे आहेत, ते आत-बाहेर तीस-चाळीस अंश सहज फिरतात. म्हणजे वळण्याचं काम मुळात वरच्या पाठीचं आणि खुब्यांचं. एकत्र कुटुंबात थोरल्यानं आणि धाकट्यानं हात आखडला की सगळा भार मधल्यावर पडतो, तसं कंबरेचं होतं. खुबा आखडला, वरची पाठ ताठरली, तरी चेंडू टाकायचाच असतो. मग उरलेला पीळ कंबर देते.

खुबे आखडायला म्हातारपणच यावं लागतं असं नाही. उकिडवं बसणं, मांडी घालून जेवणं, जमिनीवरून उठणं हे आपल्या दिवसातून हळूहळू कमी झालं. मशिदीत सजद्याऐवजी खुर्चीवर बसून नमाज पढणारे वाढले, कीर्तनातही खुर्च्यांच्या रांगा लागल्या. वयस्करांची ती गरज असते. पण शाळेच्या बाकावरून मोटारसायकलवर आणि तिथून मोबाइल घेऊन पलंगावर, असा ज्याचा दिवस जातो त्या पोरालाही उकिडवं बसताना टाचा टेकवता येत नाहीत, तेव्हा विचार करायला हवा.

अर्थात नुसता खुबा मोकळा केला की कंबर बरी झाली, इतकं हे सोपं नाही. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पण वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाची कंबरदुखी वेगळी असू शकते. एकाच जागी पुन्हा पुन्हा ताण पडून कंबरेच्या मणक्याच्या मागच्या भागात बारीक चीर जाते. तार वाकवत राहिलं की ती एका जागी तुटते, तसंच. उजव्या हातानं टाकणाऱ्याला ती बहुधा डाव्या बाजूला जाते. पोरसवदा वयात हाडं अजून पक्की झालेली नसतात, म्हणून धोका अधिक. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात याच दुखण्यानं आडवा झाला आणि पुढे चिकाटीनं परतला. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये हेच दुखणं झालं, पाठीमुळेच २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, आणि मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर तो ऑगस्टमध्ये मैदानात आला. त्याच्यामागे डॉक्टर होते, फिजिओ होते, थांबायला सवड होती.

ही चीर टाळण्याचा भरवशाचा एक मार्ग म्हणजे मोजणं. अमेरिकेत लहान मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये २००७ पासून चेंडू मोजण्याचा नियम आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलानं दिवसाला ८५ च्या वर चेंडू टाकायचे नाहीत, आणि टाकले त्या प्रमाणात पुढचे दिवस विश्रांती घ्यायची. हा नियम खांदा आणि कोपर वाचवण्यासाठी आला, पण त्यातलं शहाणपण कंबरेलाही लागू आहे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानंही तरुण वेगवान गोलंदाजांसाठी वयानुसार षटकांच्या मर्यादा सांगितल्या आहेत.

आमच्याकडे मात्र नुसते चेंडू मोजून भागत नाही. जो पोरगा रविवारी दोन सामने टाकतो, तोच सोमवार ते शनिवार वावरात असतो. कांद्याच्या पाट्या उचलायच्या, ट्रॉली भरायची, चाळीत कांदा टाकायचा. संध्याकाळी पुन्हा सराव. संघाच्या कप्तानाला त्याच्या पाट्या माहीत नसतात, घरच्यांना त्याची षटकं माहीत नसतात. ते पाच मणके मात्र दोन्ही हिशोब एकाच वहीत मांडतात. 'पोरगं तरणंताठं आहे, त्याला काय होतंय,' असं आपण म्हणतो. तोही कळ दाबून हसतो, कारण दुखतं म्हटलं तर वावरात कामचुकार ठरायचं आणि संघातली जागा जायची.

म्हणून आई-वडिलांना आणि गावोगावच्या संघ चालवणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कापणी-काढणीच्या दिवसांत षटकं कमी करा. लागोपाठच्या दिवशी वेगात टाकू देऊ नका. खेळण्याआधी खुबे आणि वरची पाठ मोकळी करा. सूर्यनमस्कार आणि सावकाश मारलेल्या बैठका यांना पैसे पडत नाहीत. आणि कंबरेच्या एका बाजूला दुखत असेल, मागे वाकल्यावर वाढत असेल, दोन आठवड्यांतही जात नसेल, तर गोलंदाजी थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये ही चीर दिसतेच असं नाही, एमआरआय लागू शकतो. वेळेत थांबलं तर बहुतेकांची चीर काही महिन्यांत भरते. पायातला जोर जाऊ लागला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पाय देऊन घेणं, गरम विटेनं शेकणं, हे तिथं उपयोगाचं नाही.

कांद्याची पावती आपण क्विंटल-किलोसकट घडी घालून जपतो. आज रात्री जेवायला बसल्यावर पोराला एवढंच विचारा: आज किती षटकं टाकलीस, किती पाट्या उचलल्यास, आणि दुखतंय का? त्यानं 'नाही' म्हटलं तरी उठताना तो जमिनीला हात टेकतो का, तेवढं पाहा.