रुग्णाची नोंद परदेशी जाते तेव्हा

(डॉक्टर व औषधविक्रेते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि एस्टोनियाची राजधानी टॅलिन यांच्यामध्ये सुमारे ऐंशी किलोमीटर समुद्र आहे. जहाजाने माणूस दोन-अडीच तासांत पलीकडे पोहोचतो. जानेवारी २०१९ पासून त्याची औषधचिठ्ठीही त्याच्यामागे जाऊ लागली. फिनलंडमधील डॉक्टरने संगणकावर लिहिलेले औषध रुग्ण टॅलिनच्या दुकानात ओळखपत्र दाखवून घेतो. युरोपीय संघाच्या आरोग्यजाळ्यातील औषधचिठ्ठीची ही पहिली देवघेव.

ही चिठ्ठी जाते कशी, हे नीट पाहण्यासारखे आहे. टॅलिनचा दुकानदार फिनलंडच्या रुग्णालयाच्या संगणकात शिरत नाही. त्याची विचारणा एस्टोनियाच्या राष्ट्रीय संपर्क केंद्रामार्फत फिनलंडच्या केंद्राकडे जाते आणि तेथून तेवढी चिठ्ठीच कूटबद्ध होऊन येते. औषध दिल्याची नोंद त्याच वाटेने परत जाते. म्हणून त्याच चिठ्ठीवर हेलसिंकीत पुन्हा औषध घेता येत नाही. मादक द्रव्यांच्या वर्गातील औषधे या सोयीतून वगळली आहेत. मूळ अभिलेख मायदेशीच राहतो. आरोग्यनोंदींची देवघेव म्हणजे सगळ्या देशांचा मिळून एक प्रचंड संगणक उभारणे, अशी समजूत आपल्याकडे अनेकांची आहे. ती सोडून द्यावी. एकाच कोठारात सर्वांचे धान्य ठेवले की चोराचे श्रम वाचतात.

आता भाषेचा प्रश्न. येथे मी इंग्रजी-मराठीविषयी बोलत नाही. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. आपल्याकडील क्रोसिन तेथील डॉक्टरला ठाऊक असेलच असे नाही. तो टायलेनॉल ओळखतो. आपल्या प्रयोगशाळेच्या अहवालात रक्तातील साखर १८० असेल, तर तीच साखर ब्रिटनमधील अहवालात १० दिसते, कारण मोजण्याचे एकक वेगळे. ०३/०४ ही तारीख आपल्यासाठी तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. पाठवलेली नोंद वाटेत कोणी चोरली नाही, बदलली नाही, तरी पलीकडे तिचा अर्थच बदलला तर तिला सुरक्षित कसे म्हणायचे? म्हणून औषधे, आजार आणि तपासण्या यांना ठरावीक संकेतांक देतात. आयएसओ या मानक संस्थेने २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय रुग्ण-सारांशाचे मानक प्रसिद्ध केले. चालू औषधे, ॲलर्जी आणि आजार हा त्या सारांशाचा गाभा. रात्री दोन वाजता अनोळखी रुग्णासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला सर्वप्रथम नेमके हेच हवे असते.

मात्र फिनलंडचेच दुसरे उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. वास्तामो नावाच्या तेथील खासगी मानसोपचार संस्थेच्या संगणकातून हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या. २०२० मध्ये चोराने आधी संस्थेकडे खंडणी मागितली आणि मग थेट एकेका रुग्णाला पत्र धाडले : पैसे दे, नाहीतर तू उपचारकाला जे सांगितलेस ते जगजाहीर करतो. २०२४ मध्ये आरोपीला सहा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली. बँकेचा क्रमांक चोरीला गेला तर नवा मिळतो. मनातले दुःख एकदा चव्हाट्यावर आले की ते परत घेता येत नाही. आणि ही चोरी दोन देशांमधल्या वाटेवर झाली नव्हती, ती झाली घरात. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणकयंत्रणा अशाच हल्ल्याने ठप्प झाली आणि तेथील कामकाज अनेक दिवस कागदावर चालवावे लागले.

एस्टोनियाने या धोक्यावर काढलेला उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. तेथे आपली नोंद कोणी आणि केव्हा उघडली, हे नागरिक स्वतः पाहू शकतो. शेजारच्या डॉक्टरने कुतूहलापोटी डोकावले, तर तेही दिसते. पाहणाऱ्यांची ही नोंदवही मागाहून गुपचूप बदलता येऊ नये, अशी गणिती तजवीजही केलेली आहे.

भारताला परक्या अविश्वासाची चव २०२१ मध्ये मिळाली. पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डच्या लक्षावधी मात्रा ब्रिटनने स्वतः विकत घेतल्या होत्या. तरीही त्या वर्षीच्या सप्टेंबरात तीच लस घेतलेल्या भारतीयांना तेथे विलगीकरणाची सक्ती झाली. लसीवर आक्षेप नाही, आमचे बोलणे प्रमाणपत्राबाबत चालू आहे, असे मग सांगण्यात आले. भारताने ब्रिटिश प्रवाशांवर तशीच बंधने घातली आणि ११ ऑक्टोबरपासून ती अट गेली. बाणेदार उत्तर दिले हे योग्यच झाले. परंतु विदेशी जाणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख देण्याची सोयही त्याच सुमारास आपल्याला करावी लागली, हेही विसरू नये.

मुलांकडे सहा महिने राहण्यासाठी अमेरिकेला जाणारे आपले ज्येष्ठ आजही प्लास्टिकच्या पिशवीत अहवालांची चळत नेतात. त्यांच्यासाठी कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. औषधाचे मूळ नाव, मात्रा, तपासणीचे एकक आणि अक्षरी महिना लिहिलेले एक पान आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टर उद्यापासून देऊ शकतो.

शासनाकडे मात्र एक मागणी आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नोंद रुग्णालयातच राहते आणि ती दुसऱ्याला दाखवण्यासाठी रुग्णाची संमती लागते. ही रचना चांगली आहे. सीमेपलीकडच्या देवघेवीबाबत २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याची तरतूद अशी, की शासन अधिसूचनेद्वारे ज्या देशांवर निर्बंध घालील ते वगळता माहिती अन्यत्र जाऊ शकते. आरोग्यनोंदींसाठी एवढे पुरेसे नाही. कोणत्या देशाला, नोंदीचा कोणता भाग, किती मुदतीसाठी, हे आधी ठरावे. आणि परदेशात ती कोणी उघडली, हे साताऱ्याच्या रुग्णाला त्याच्या मोबाइलवर मराठीत वाचता यावे.