संकटकाळ आणि लहान दुकानदार : अमेरिकेतील लॅटिनो समाजाचा अनुभव



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिशी चालते. मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांतही हीच पद्धत आहे; ते तिला ‘तांदा’ म्हणतात. दहा जणांनी दरमहा ठरलेली रक्कम भरायची आणि एकेकाने पाळीने उचलायची. त्यातून कोणी खानावळ काढतो, कोणी शिवणयंत्र घेतो. धंदा उभा राहतो, पण बँकेच्या दप्तरी त्याची नोंद नसते. शांततेच्या काळात याने काही अडत नाही. अडते ते संकटात.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे बाजार बंद झाले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फेअरली यांच्या अभ्यासानुसार फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या काळात अमेरिकेत धंदा चालू असलेल्या मालकांची संख्या २२ टक्क्यांनी घटली. लॅटिनो मालकांची मात्र ३२ टक्क्यांनी.

सरकारने हात आखडता घेतला असे आम्ही म्हणणार नाही. ३ एप्रिलला ३४९ अब्ज डॉलरची कर्जयोजना सुरू झाली. ठरलेला भाग नोकरांच्या पगारावर खर्च केला की कर्ज माफ. परंतु अर्ज बँकांमार्फत करायचा होता, आणि अनेक बँकांनी आपले जुने कर्जदार आधी पाहिले. एकट्याने धंदा करणाऱ्यांना तर १० एप्रिलपासूनच अर्जाची मुभा होती. १६ एप्रिलला पैसे संपले! पुढे आणखी निधी आला, त्यातील काही लहान पतसंस्थांसाठी राखूनही ठेवला.

तरी हिशेबाचा नियम आडवा येई. एकट्या दुकानदाराला अडीच महिन्यांच्या निव्वळ नफ्याइतकेच कर्ज मिळे. समजा, मालाची किंमत वजा जाता वर्षाचे एकूण उत्पन्न ४८ हजार डॉलर आणि भाडे व इतर खर्च वजा जाता नफा ६ हजार. कर्ज किती? १,२५० डॉलर. त्यात एका महिन्याचे दुकानभाडे तरी निघेल काय? मार्च २०२१ मध्ये नियम बदलला आणि निव्वळ नफ्याऐवजी एकूण उत्पन्न धरण्यात आले. त्याच दुकानदाराला आता १० हजार मिळू शकत होते. पण तोवर वर्ष उलटले होते. बंद दुकानाला वर्ष फार मोठे असते, हे दुकानदाराच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको.

ही उणीव सान फ्रान्सिस्कोतील मिशन अ‍ॅसेट फंड या संस्थेने संकटाच्या कितीतरी आधी ओळखली होती. २००७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने तांदा मोडला नाही. माणसे तीच, हप्ता तसाच, व्याज नाही. फक्त करारावर सही घेतली आणि प्रत्येक हप्त्याची नोंद पतनोंदणी संस्थांकडे पाठवली. त्यामुळे भिशीत वेळेवर पैसे भरणाऱ्या बाईला बँकेत दाखवण्याजोगी पत मिळू लागली. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अशा बिनव्याजी लहान कर्जांसाठी कायदाही केला.