दूर्वेच्या नावापुढचं टिंब

काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यात मराठी घरं जुनी.
गणपतीला दूर्वा तिथंही लागतातच.

दूर्वेचं शास्त्रीय नाव… सायनोडॉन डॅक्टिलॉन.
त्यापुढे कंसात 'एल' आणि टिंब.
कंसाबाहेर 'पर्स' आणि टिंब.

'एल' म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस.
1753 मध्ये त्यानं दूर्वेला नाव दिलं.
पण ती पॅनिकम या प्रजातीत घातली.
पुढे पर्सूननं, म्हणजे 'पर्स'नं, तिला सायनोडॉनमध्ये आणलं.

म्हणजे कंसात पहिला नाव देणारा…
बाहेर ते बदलणारा.

ही झाली माणसांची नावं.
शास्त्रीय नावांतले लॅटिन संक्षेप वेगळे.
'एसपी' म्हणजे एक जाती, बहुधा न ओळखलेली.
'एसपीपी' म्हणजे अनेक जाती.
एका 'पी'त एवढा फरक! कंजुषीच म्हणायची.

पुन्हा सांगतो…
कंसात पहिला, बाहेर दुसरा.
बागेतली पाटी वाचताना आधी कंस बघा.