मोकळा वेळ, जागता समाज

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



ब्रिटन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडन उभे राहते. परंतु एखाद्या समाजाचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर त्याच्या राजधानीपेक्षा कामकऱ्यांची वस्ती असलेले शहर अधिक बोलके असते. म्हणून आज आपण इंग्लंडच्या उत्तर भागातील शेफील्ड या शहरात जाणार आहोत. साडेपाच लाखांहून अधिक लोकवस्तीचे हे शहर सुऱ्या-कात्र्यांसाठी आणि पोलादासाठी जगभर प्रसिद्ध झाले. हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये ज्या गंजरोधक पोलादावर येथे काम केले, त्याचीच भांडी आज आपल्या स्वयंपाकघरात आहेत. मात्र आज मी तेथील कारखान्यांविषयी बोलणार नाही. कारखान्याचा भोंगा वाजल्यानंतर तेथील माणूस काय करतो, हा आजचा विषय आहे. वरकरणी तो हलकाफुलका वाटेल, पण तसा तो नाही. माणूस कामात पोटासाठी जगतो. फावल्या वेळात तो कसा वागतो, यावरून त्याच्या समाजाची घडण कळते.

पहिला प्रश्न असा, की हा फावला वेळ आला कोठून? अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे सुरी-कारागीर लहान लहान कार्यशाळांत नगावर मजुरी घेऊन काम करीत. शनिवारी पैसे हाती पडत आणि सोमवारी बहुतेक कार्यशाळा थंड असत. या स्वयंघोषित सुट्टीला तेथे गमतीने ‘सेंट मंडे’, म्हणजे ‘संत सोमवार’ असे नाव होते. पुढे यंत्रयुग आले, घड्याळाचे राज्य सुरू झाले आणि हा संत हळूहळू अंतर्धान पावला. त्याच्या जागी आठवड्यातील ठरावीक अर्ध्या दिवसाची सुट्टी आली. १८२० मध्ये स्थापन झालेल्या एका क्रिकेट संघाच्या सभासदांना ही सुट्टी बुधवारी असे. म्हणून संघाचे नावच ‘वेन्सडे’ पडले. हिवाळ्यातही मंडळी एकत्र राहावीत, म्हणून १८६७ मध्ये या संघाने फुटबॉलची शाखा काढली. तोच आजचा ‘शेफील्ड वेन्सडे’. कामगारांच्या अर्ध्या सुट्टीचे नाव दीडशेहून अधिक वर्षे अभिमानाने मिरवणारा हा क्लब आहे!

संघटित फुटबॉलचे माहेरघरही हेच शहर. १८५७ मध्ये स्थापन झालेला शेफील्ड फुटबॉल क्लब हा जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. १८६० मध्ये स्थापन झालेल्या हॅलम क्लबशी त्याच वर्षीच्या २६ डिसेंबरला त्याचा सामना झाला, आणि हॅलमचे सँडीगेट मैदान आजही वापरात आहे. खेळाचे नियम कोणा सरकारी खात्याने केले नव्हते. गावातील तरुणांनी एकत्र बसून ते लिहिले, छापले आणि पाळले. येथल्याच क्रूसिबल नाट्यगृहात १९७७ पासून स्नूकरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरत आली आहे. आणि या खेळाचा जन्म १८७५ मध्ये आपल्या जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, असे मानले जाते.

आता उद्यानांकडे वळू. धुराने काळवंडलेल्या या शहरात आज पाहावे तिकडे हिरवळ दिसते. ती आपोआप उरलेली नाही, जाणीवपूर्वक राखलेली आहे. वनस्पती उद्यान १८३६ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते वर्गणीदारांसाठी होते. शतकाच्या अखेरीस ते सर्वांना विनामूल्य खुले झाले. टपालाने माल विकून श्रीमंत झालेले व्यापारी जे. जी. ग्रेव्हज यांनी १९२५ मध्ये घरबांधणीच्या तोंडातून वाचवलेली विस्तीर्ण जमीन शहराला देऊन टाकली. दोनशे एकरांहून मोठे ते ग्रेव्हज पार्क आज शहरातील सर्वांत मोठे उद्यान आहे.

एन्डक्लिफ पार्कमध्ये दर शनिवारी सकाळी नऊ वाजता शेकडो माणसे पाच किलोमीटर धावतात. शुल्क नाही, बक्षीस नाही. आबालवृद्ध धावतात आणि व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. याच उद्यानात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी एक अमेरिकन बॉम्बफेकी विमान कोसळले आणि दहाही विमानवीर मृत्युमुखी पडले. त्या वेळी तेथे खेळणाऱ्या मुलांपैकी एकाने पुढे त्यांच्या स्मारकाची निगा राखण्याचे व्रत घेतले. २०१९ मध्ये पंचाहत्तराव्या स्मृतिदिनी लढाऊ विमानांनी उद्यानावरून उड्डाण करून मानवंदना दिली, तेव्हा हजारो नागरिक पहाटेपासून तेथे जमले होते. बाग ही केवळ झोपाळे-घसरगुंडीची जागा नसते. ती शहराच्या स्मृतीचीही जागा असते.

बंधू-भगिनींनो, शेफील्डचा खरा आत्मा मात्र डोंगरात आहे. पीक डिस्ट्रिक्टचा प्रदेश शहराला इतका लगटून आहे, की शहराच्या प्रशासकीय हद्दीचा सुमारे एक तृतीयांश भाग त्या राष्ट्रीय उद्यानात मोडतो. एके काळी मात्र या माळरानांवर सरदार-जमीनदारांची मालकी होती. पक्ष्यांच्या शिकारीसाठी ती राखीव असत आणि पहारेकरी सामान्य माणसाला हुसकावून लावीत. १९०० मध्ये जी. एच. बी. वॉर्ड या कारखान्यातील यंत्रकारागिराने वर्तमानपत्रात निवेदन देऊन रविवारच्या पदभ्रमणाचे आवाहन केले. मूठभर माणसे आली, आणि त्यातून कामगारांचा पदभ्रमण संघ उभा राहिला. वॉर्ड वर्षानुवर्षे सहलींच्या पुस्तिका काढीत राहिले. जुन्या पायवाटा, टेकड्यांची नावे आणि लोककथा त्यांनी त्यात नोंदवून ठेवल्या. १९४५ मध्ये कृतज्ञ पदभ्रमकांनी एका टेकडीच्या माथ्याची जमीन त्यांना अर्पण केली. त्यांनी ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केली.

एप्रिल १९३२ मध्ये किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो तरुणांनी बंदी मोडून सामूहिक प्रवेश केला. पाच जणांना कारावास झाला. त्यापूर्वीच, १९२४ मध्ये, एथेल या शेफील्डमधील उद्योजकाच्या कन्येने परिसराच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. पहिल्या महायुद्धात पती गमावल्यावर याच डोंगरांनी तिला सावरले होते. लाँगशॉची जमीन विक्रीला निघाली, तेव्हा तिने लोकवर्गणी उभारून ती वाचवली. अशा अनेकांच्या प्रयत्नांतून १९४९ चा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. माळरानांवर मुक्त फिरण्याचा कायदेशीर अधिकार मिळायला मात्र २००० साल उजाडावे लागले. एक पूर्ण शतक! वॉर्ड यांनी बोट धरून नेलेल्यांची नातवंडे-पतवंडे तोवर मोठी झाली होती.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, पूर्वजांनी मिळवून दिले, आता उपभोग घ्यायचा. तसे नाही, हे शेफील्डनेच अलीकडे दाखवून दिले. २०१२ मध्ये नगर परिषदेने रस्त्यांच्या देखभालीचे पंचवीस वर्षांचे कंत्राट एका खासगी कंपनीला दिले. रस्त्याकडेची जुनी, निकोप झाडे पडू लागली. नागरिकांनी अर्ज केले, न्यायालयात दाद मागितली, झाडाखाली उभे राहून पहारे दिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रस्त्यावर पहाटेच्या अंधारात पोलीस बंदोबस्तात झाडे तोडली गेली आणि निवृत्त वयाच्या महिलांना अटक झाली. कंत्राटात १७,५०० झाडे बदलण्याचा उल्लेख असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. तोवर पाच हजारांहून अधिक झाडे गेली होती. पण तोड थांबली. मार्च २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशीच्या अहवालाने जनतेची आणि न्यायालयांचीही दिशाभूल झाल्याचे नोंदवले आणि नगर परिषदेला माफी मागावी लागली. विशेष म्हणजे, दरम्यान मे २०२१ मध्ये नागरिकांनी सार्वमत घडवून नगर परिषदेची कारभारपद्धतीच बदलली. मोजक्या नेत्यांच्या हातातील निर्णय समित्यांकडे गेले.

शेफील्डमध्ये सारे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. १९८० च्या दशकात पोलाद उद्योग ढासळला, हजारो घरांतील चूल विझू लागली. एका मोठ्या पोलाद कारखान्याच्या जागी १९९० मध्ये मेडोहॉल हे प्रचंड खरेदी संकुल उभे राहिले. जेथे वडील घाम गाळीत, तेथे मुले खरेदी करू लागली. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर सामना पाहायला आलेल्या लिव्हरपूलच्या ९७ प्रेक्षकांचा चेंगरून बळी गेला, आणि दोष प्रेक्षकांचा नव्हता, हे प्रस्थापित व्हायला त्यांच्या कुटुंबीयांना २०१६ पर्यंत झगडावे लागले. २०१४ मध्ये पैशाअभावी अनेक शाखा-ग्रंथालये स्वयंसेवकांच्या स्वाधीन झाली. जेथे निवृत्त, सुशिक्षित मंडळी अधिक, तेथे स्वयंसेवक सहज मिळतात. जेथे गरज अधिक, तेथे ते मिळणे अवघड. समाजाने पुढे यावे हे खरे. परंतु त्यामुळे शासनाला जबाबदारी झटकण्याची मुभा मिळता कामा नये.

आणखी एक गोष्ट सांगतो. शहराच्या वायव्येकडील खेड्यांतील पबमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत रविवारी दुपारी लोक दाटीवाटीने उभे राहून नाताळची स्थानिक गीते गातात. एकोणिसाव्या शतकात चर्चच्या सुधारकांनी ही गीते बाहेर काढली. गावकऱ्यांनी ती पबमध्ये जपली. एकाच गीताच्या अनेक चाली, आणि प्रत्येक गावाला आपलीच चाल प्यारी! आपल्या भजनी मंडळांना याचे नवल वाटणार नाही. परंपरा पुस्तकात टिकत नाही, कंठात टिकते.

मित्रहो, शेफील्डपासून घ्यायचे ते एवढेच. मैदान, टेकडी, वाचनालय, गाण्याची बैठक यांना मालक असून भागत नाही, राखणदार लागतात. आपल्या शहरांतील टेकड्या आणि मैदाने आज कोणाच्या भरवशावर आहेत, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. येत्या रविवारी मुलांना घेऊन घराजवळच्या टेकडीवर जरूर जा. पण त्या टेकडीची सरकारी दफ्तरी नोंद काय आहे, हेही एकदा पाहून या. ज्या समाजाचा फावला वेळ दूरचित्रवाणीच्या आणि मोबाइलच्या पडद्यापुढेच सरतो, त्याला आपले मैदान नाहीसे झाल्याचे कळतसुद्धा नाही.