सुगंधाची पारख



ज्या व्यासपीठावर अर्थकारण, इतिहास आणि संतवाङ्मय यांसारख्या भारदस्त विषयांची चर्चा होते, तेथे अत्तराविषयी बोलायला उभे राहणे म्हणजे पंगतीत वरणभाताच्या आधी विडा वाढण्यासारखे आहे. पूर्वी सभा संपली की पानसुपारी आणि अत्तरगुलाब होत असे. मी मात्र आज अत्तरानेच आरंभ करणार आहे.

आपल्या भाषेत नाकाला फार मान आहे. पण तो अब्रूचा. नाक कापले जाते, नाक मुरडले जाते, नाक वर करून चालता येते, नाकाने कांदेही सोलता येतात. वास घेणे हे जे नाकाचे खरे काम, त्याच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः आपल्या आजीकडे वासाचे केवढे शब्द होते! खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, आंबूस, उग्र; दरवळ निराळा, घमघमाट निराळा, दर्प निराळा. आज आपण दोन शब्दांत काम भागवतो: छान वास आणि घाण वास.

या गोष्टीचा विचार मी करू लागलो तो हौसेने नव्हे, गरजेने. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या आजारात माझी वासाची जाणीव गेली. ताप चार दिवसांत उतरला. नाक मात्र कित्येक आठवडे मुके राहिले. फोडणी करपली तरी कळेना. दूध नासले का, हे दुसऱ्याला विचारावे लागे. पण सर्वांत जड गेले ते निराळेच. चार महिन्यांच्या नातीला मांडीवर घेतले, आणि तान्ह्या मुलाच्या टाळूचा जो वास असतो तो आला नाही. मूल मांडीवर होते, आणि तरीही ते कुठेतरी दूर आहे असे वाटत राहिले. डोळे किंवा कान गेले तर जग हळहळते; नाक गेले तर लोक म्हणतात, ‘एवढेच ना?’ ते एवढेच नसते, हे त्या दिवसांत कळले.

डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, लक्ष देऊन, थोडा थोडा वेळ घ्यायचे. जर्मनीतील ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला होता. प्रथम काहीच येईना. मग एके दिवशी लवंगेची एक पुसट रेघ उमटली, नंतर लिंबू आले, सर्वांत शेवटी गुलाब. नाक परत आले ते शिकत शिकत आले. आणि शिकण्याची गोडी लागल्यामुळे मी अत्तरे हुंगू लागलो. आज जे सांगतो आहे ते त्या शाळेतले धडे आहेत.

पहिला धडा असा, की बाटलीचे बूच काढून केलेली परीक्षा खरी नव्हे. सुगंध हा क्रमाने उलगडतो. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास काही मिनिटांत उडून जातात. मग गुलाब, मोगरा अशी फुले बोलू लागतात. आणि दोन-तीन तासांनी चंदन, वाळा, ऊद अशी जड द्रव्ये उरतात. दुकानदार पहिल्या पाच मिनिटांवर माल विकतो, आणि आपण पुढचे पाच तास विकत घेतलेले असतात! म्हणून मनगटावर एक थेंब लावावा, चोळू नये, आणि बाजारातून एक फेरी मारून यावे. एका वेळी तीनांहून अधिक वास घेऊ नयेत. नाक थकले की स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगावी.

यूडीकोलनचेच पाहा. आपल्या घरांतून तापाच्या रोग्याच्या कपाळावर त्याच्या घड्या ठेवीत, म्हणून ते औषध असावे अशी माझी लहानपणची समजूत. वस्तुतः योहान मारिया फारिना या इटालियन गृहस्थाने अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील कोलोन शहरात ते प्रसिद्धीस आणले. ते लावले की अंगावरून लिंबाच्या बागेतला वारा जातो. आणि अर्ध्या तासात वाराही नाही आणि बागही नाही. उलट १९२१ मध्ये एर्नेस्त बो यांनी तयार केलेले शनेल नंबर पाच. त्यातली आल्डिहाइड नावाची रासायनिक द्रव्ये मला प्रथम साबणाने धुतलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांसारखी वाटली. परक्या घरी बसल्यासारखे झाले. तासाभराने त्यातून जाई डोकावली आणि मग ओळख पटली.

आपल्या अत्तराची चाल याहून निराळी. त्यात मद्यार्क नसतो, म्हणून ते खोलीभर धावत नाही. अंगाला धरून राहते. उत्तर प्रदेशातील कनौज येथे ते आजही जुन्या पद्धतीने काढतात. तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून झाकण मातीने लिंपतात आणि खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते. त्या भांड्याचे नाव भपका! आपण भपका म्हणजे डामडौल समजतो; तिथला भपका पाण्यात मुकाट बसलेला असतो. त्याच्या पोटातले चंदनाचे तेल फुलांचा वास पिऊन घेते. दुसऱ्या दिवशी नवी फुले, पण तेल तेच; असे कित्येक दिवस चालते. चंदन महागल्यापासून अनेक जण त्याऐवजी द्रवरूप पॅराफिन वापरतात. बाटलीजवळ हा फरक सहसा कळत नाही. दोन तासांनी मनगट हुंगावे. चंदनावरचा गुलाब मुरलेला असतो. दुसरा निघून गेलेला असतो.

उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हिना ही जुनी रीत. वाळ्याचे अत्तर लावले की माठातली जुडी आठवते. तहान नाकानेही भागते. हिनाचे अत्तर निराळेच. ते मला प्रथम उग्र वाटले. पण पौषातल्या पहाटे शालीच्या घडीतून आले तेव्हा उबदार झाले. वास तोच, ऋतू बदलला.

आणि मातीचे अत्तर! भाजलेल्या मातीतून कनौजचे कारागीर पहिल्या पावसाचा वास काढतात. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी या वासाला पेट्रिकोर हे नाव दिले, तेव्हा या भारतीय अत्तराचा त्यांनी उल्लेख केला होता. मृद्गंधातले एक मुख्य द्रव्य, जिओस्मिन, मातीतले सूक्ष्म जीव तयार करतात. आणि त्याचा लवलेशही माणसाच्या नाकाला कळतो.

हे नाक साधेसुधे नाही. वास ओळखणाऱ्या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड अॅक्सल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. त्यांचा निरोप मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांकडे फार जवळच्या वाटेने जातो. म्हणून एखादा वास आधी डोळ्यांत पाणी आणतो आणि मग कारण सांगतो. आपल्या पूर्वजांनीही या विषयाला हलके मानले नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० मिश्रणे होतात हे गणितही मांडले.

शेवटचा धडा शिष्टाचाराचा. आपण लावलेला सुगंध थोड्या वेळाने आपल्याला येईनासा होतो. नाकाला त्याची सवय होते. शेजाऱ्याला ती झालेली नसते. ‘मला तर येतच नाही’ म्हणून जो पुन्हा फवारा मारतो, तो लिफ्टमधल्या बाकीच्यांचा श्वास कोंडतो. तात्पर्य, अत्तर इतकेच लावावे, की जवळ येणाऱ्याला ते भेटावे, दुरून जाणाऱ्याला ते आडवे येऊ नये.

सुगंधाची पारख म्हणजे महागड्या बाटल्यांची पारख नव्हे. ती लक्ष देण्याची सवय आहे. सध्या आंब्याच्या अढीचा, मोगऱ्याच्या गजऱ्याचा आणि नव्या माठाचा मोसम आहे. यांतला एखादा वास रोज मिनिटभर थांबून घ्यावा आणि त्याला ‘छान’ याहून नेमका एक शब्द शोधावा. यासाठी पैसा लागत नाही. आणि आपल्या माणसांचा वास जोवर येतो आहे, तोवर तो नीट ओळखून ठेवावा.